एब्बाच्या हातापुरतं

एब्बाने हे कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं, आणि बावीस वर्षं मी ते पाळलं. आता ती नाही, तिचा नवरा विगो नाही, ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते आर्किटेक्टही गेल्या वर्षी गेले. मी एकटी राहिले. त्या कपाटाबद्दल लोक काहीबाही बोलतात ते ऐकून गप्प बसणं मला आता जमत नाही.

एब्बा माझी धाकटी बहीण. विगो माझ्याच कारखान्यातला. कारखाना म्हणजे काय, कोपनहेगनमध्ये नोरेब्रोच्या एका गल्लीत, दोन इमारतींच्या मागच्या चौकात बिस्गार्ड मालकांची लाकडी सामानाची जागा होती. नऊ सुतार आणि पॉलिश करणाऱ्या आम्ही दोघी बायका. सुतार वस्तू घडवायचे, आम्ही तिला घासून, तेल पाजून गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याजोगी करायचो. विगोने केलेला खण हातात आला की मला कळायचं. ढकलला की आतली हवा हलकेच बाहेर पडायची आणि तो आपोआप जाऊन बसायचा.

एब्बा हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती. एकदा मी जेवणाचा डबा घरी विसरले, तो द्यायला ती आली, आणि विगोने तिच्यासाठी दार उघडून धरलं. उघडून धरलं ते धरूनच उभा राहिला. ती आत येऊन, डबा देऊन, माझ्याशी गप्पा मारून परत निघाली तरी तो तिथेच. तिने मला विचारलं, "हा मुका आहे का?" मी म्हटलं, मुका नाही, पण वापर कमी आहे. सेहेचाळीस साली त्यांचं लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. एब्बा दोघांच्या वाटणीचं बोलायची आणि विगो दोघांच्या वाटणीचं ऐकायचा, असा तो संसार होता.

बावन्न सालच्या सप्टेंबरात शहरात पोलिओची साथ आली. गुरुवारी एब्बाला ताप चढला, शनिवारी तिला श्वास घेता येईना. ती तीस वर्षांची होती. इस्पितळात तिच्यासारखे इतके रुग्ण होते की यंत्रं पुरत नव्हती. मग डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. गळ्याला भोक पाडून त्यात नळी घातलेली, नळीच्या टोकाला रबरी फुगा, आणि एकेक विद्यार्थी शेजारी बसून तो फुगा हाताने दाबत राहायचा. एकाचे तास संपले की दुसरा यायचा. माझी बहीण अशी अकरा आठवडे परक्या मुलांच्या हातांवर जगली. आम्हाला आत सोडत नसत. विगो काम सुटल्यावर जायचा आणि काचेबाहेर उभा राहायचा. मी एकदा सोबत गेले होते. चष्मा लावलेला एक किडकिडीत मुलगा एका हाताने फुगा दाबत होता आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र धरून तिला बातम्या वाचून दाखवत होता. विगोची नजर एब्बावर नव्हती, त्या मुलाच्या हातावर होती.

ती वाचली. श्वास परत आला, पण तोही अर्धामुर्धा. पाय गेले ते गेलेच. हातांचं असं झालं की कोपरापासून पुढे ते चालायचे, बोटंही चालायची, उजव्या हाताची चांगली आणि डाव्याची बेताची. खांदे मात्र मेले होते. हात टेबलावर ठेवून दिले की ती त्यांच्याकडून काम करून घ्यायची. वर उचलणं संपलं होतं. चहाची बशीसुद्धा तिला उचलता येत नव्हती.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात ती चाकाच्या खुर्चीतून घरी आली. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचा. तो स्वतःहून म्हणाला, मी वर जातो, तुम्ही खाली या, मला जन्मभर जिने चढायचीच सवय आहे. त्याचे उपकार आम्ही कोणीच फेडले नाहीत.

घरात विगोच्या आईचं जुनं कपाट होतं. माणसापेक्षा उंच, किल्ली फिरवून उघडायचं, दार असं जड की धडधाकट माणसानेही एक पाय मागे घेऊन ओढावं. एब्बाचं सगळं त्यात. टेबलावरचं कापड, कप, तिच्या सुया, पत्रं. प्रत्येक गोष्ट तिला मागावी लागायची. मी सकाळी कामाच्या आधी जायचे, दुपारी शेजारीण डोकवायची, संध्याकाळी विगो. दुपारी हवी असलेली वस्तू सकाळीच आठवून सांगायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबायचं. ती कुरकुरायची नाही. पण ती कमी बोलायला लागली, आणि ते घर इतकं शांत झालं की मला तिथे बसवेना.

ऑक्टोबरात हातमोज्यांच्या दुकानातल्या तिच्या मैत्रिणी आल्या. चौघीजणी, दालचिनीचे पाव घेऊन. कॉफी मी केली, कप मी काढले, वाढलं मी. मैत्रिणी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "वा, काय छान कॉफी." एब्बा टेबलाच्या टोकाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या गेल्यावर मी कप विसळत होते तेव्हा तिने विगोला सांगितलेलं मला ऐकू आलं.

"मी माझ्याच घरात पाहुणी आहे, विगो."

तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला. मला त्याचा रागच आला. निदान हो तरी म्हण.

पुढच्या शनिवारी अर्धा दिवस काम करून तो घरी आला तो पॅकिंगच्या खाकी कागदाची गुंडाळी घेऊन. एक मोठा तुकडा त्याने भिंतीला लावला, एक टेबलावर पसरला. शेगडीतला कोळसा घेऊन एब्बाची दहाही बोटं काळी केली. तिची खुर्ची भिंतीला भिडवली आणि म्हणाला, "जाईल तिथपर्यंत ने." ती हसायला लागली. मग तिने खरोखर प्रयत्न केला. दात आवळून, अंग डावीउजवीकडे झोकून तिने हात नेता येतील तितके नेले. खुर्ची मागे घेतल्यावर कागदावर काय उमटलं ते आम्ही तिघांनी पाहिलं. टोपलीच्या कडीएवढी एक कमान. तिच्या वर सगळा कागद कोरा.

"एवढंच?" एब्बा म्हणाली.

विगोने कमानीची रुंदी वितीने मोजली. "पुरेल," तो म्हणाला.

त्या कमानीत तो सात-आठ महिने काम करत होता. शनिवारी दुपारी आणि रविवारी. बिस्गार्ड मालकांनी काहीही न विचारता त्याला कारखान्याची किल्ली दिली आणि सयामहून आलेल्या सागवानातल्या चांगल्या फळ्या स्वतः निवडून बाजूला काढून ठेवल्या. मी बरेचदा जाऊन बसायचे. विगोने आधी कपाट केलंच नाही, साध्या पॅकिंगच्या लाकडाचा सांगाडा ठोकला आणि एब्बाची खुर्ची कारखान्यात आणून तिला त्याच्यासमोर बसवलं. तिचं कोपर अडखळलं की तो तेवढंच कापायचा. असे तीन सांगाडे झाले. तिसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, "तू त्या खणांना जेवढं गोंजारतोस त्याच्या निम्मं मला गोंजारलं असतंस तर मी उठून चालायला लागले असते." बाकीचे सुतार हसले. विगोचे कान लाल झाले, पण तोही हसला.

कपाट झालं ते असं. लांब आणि ठेंगणं, बसलेल्या माणसाच्या छातीला येईल एवढंच. मधला भाग खाली मोकळा, म्हणजे तिचे गुडघे आणि खुर्चीची पुढची चाकं आत जावीत. दोन्ही बाजूंना खण. दारं बाहेर उघडणारी ठेवली असती तर तिला मागे सरकावं लागलं असतं, म्हणून त्याने सागवानाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढून त्या जाड कापडावर चिकटवल्या. ते दार चटईसारखं वळत बाजूच्या खाचेतून कपाटाच्या पोटात जायचं. मूठ नाही, कडी नाही. मनगटाच्या मागच्या बाजूने ढकललं तरी सरकावं म्हणून खाचेला मेण चोळलेलं. खणांना पुढे एक खोबण कोरलेली, तिच्यात एक बोट अडकवलं की खण येई. आणि मध्ये, जेवणाच्या टेबलाच्या बरोबर उंचीला, बाहेर येणारी एक फळी. टेबल कपाटाला लावून ठेवलेलं असे. फळी ओढली की ती टेबलाला टेकायची, आणि तिच्यावरचा कप उचलायची गरजच नव्हती. सरकवत सरकवत तो थेट पाहुण्यापुढे न्यायचा.

शेवटचं काम माझं. मी त्याला जवसाचं तेल चार हात दिलं. आयुष्यात हजारो वस्तूंवरून माझा हात फिरला असेल, पण ते लाकूड घासताना मला दर वेळी थांबून डोळे पुसावे लागले.

चोपन्नच्या मे महिन्यात मैत्रिणींना पुन्हा बोलावलं. त्या दिवशी मी पाहुणी होते. एब्बाने मनगटाने दार सरकवलं, फळी ओढली, आणि एकेक कप टेबलावरून ढकलत प्रत्येकीपुढे नेला. फार वेळ लागला. कोणी मदतीला उठायला गेली की विगो तिच्याकडे असा बघायचा की ती मुकाट्याने बसायची. पाचही कप पोचल्यावर एब्बा टेबलाकडे बघत म्हणाली, "साखर ज्याची त्याने घ्यावी. मी काही मोलकरीण नाही."

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं त्यांची चांगली गेली. पुष्कळ बोलणं परत आलं. इस्पितळात तिच्या शेजारच्या खाटेवर अॅग्नेटे नावाची एक शिक्षिका होती, रोस्किल्डची. तीही खुर्चीत आली होती, आणि तिच्या पाठीला बाक आल्यामुळे ती एब्बापेक्षाही खाली बसायची. तिचा भाऊ तिला कधीमधी आगगाडीने घेऊन यायचा. कपाटाभोवती खुर्ची फिरवत ती म्हणायची, "नवरा आठवड्यातून एक दिवस उसना दे ना." एब्बा म्हणायची, "ने की. पण बोलत नाही हं तो, आधीच सांगते."

छपन्नच्या वसंतात डाव्या दाराचं कापड सुटलं आणि कपाट तीन दिवसांसाठी कारखान्यात आणलं. नेमके त्याच वेळी बेंट हासलुंड आले. ते आर्किटेक्ट होते, बिस्गार्ड मालक त्यांच्या खुर्च्या घडवायचे. आत आले, टोपी काढली, आणि आपल्या खुर्च्या विसरून त्या कपाटापुढे उभे राहिले. वाकले, मागे झाले, चौकात जाऊन खिडकीतून पाहून आले. हे कोणी रेखाटलं, असं त्यांनी विचारलं. विगो म्हणाला, कोणी नाही. त्यांना वाटलं तो विनयाने बोलतोय. दरवर्षी शरद ऋतूत सुतारांच्या संघाचं प्रदर्शन भरायचं, त्यात हे मांडूया म्हणाले. कशासाठी केलं, कोणासाठी केलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते कारणाशिवायच पुरेसं वाटत होतं.

विगोने घरी येऊन एब्बाला विचारलं. तिने लगेच होकार दिला. विगो म्हणाला की मग मी त्यांना सांगतो ते तुझ्यासाठी कसं केलं, तुझा हात किती पोचतो, सगळं. ती ताडकन म्हणाली, "अजिबात नाही."

मी तिथेच होते. त्या दोघांचं भांडण मी जन्मात तेवढं एकदा पाहिलं. विगो म्हणत होता की त्यातली प्रत्येक गोष्ट तुझ्यामुळे आहे, न सांगता मांडलं तर ते खोटं होईल. इतकी वाक्यं त्याने सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. एब्बाने त्याला संपवू दिलं.

"सांगितलंस तर ते लुळीचं कपाट होईल," ती म्हणाली. "लोक मला जिन्यापाशी भेटल्यावर जो चेहरा करतात ना, तोच चेहरा करून त्याच्याकडे बघतील. किती छान सोय, बिचारी. मला नको ते. ते सुंदर आहे, विगो. ते सुंदर आहे म्हणूनच बघू देत त्यांना. एकदा तरी."

तिला धाप लागली. विगोने पाणी आणून तिच्या ओठांना लावलं. मग तिने माझ्याकडून आणि त्याच्याकडून शब्द घेतला. कारखान्यातल्यांना ते तिचं आहे हे ठाऊक होतं, त्यांनाही विगोने हासलुंडपाशी बोलू नका असं सांगून ठेवलं.

प्रदर्शनात कपाटापुढे पाटी होती, तिच्यावर हासलुंड यांचं आणि बिस्गार्ड मालकांचं नाव. हासलुंड माणूस वाईट नव्हता. विगोचं नाव घालायला ते दोनदा सांगून गेले होते. पण नाव घातलं की लोक येऊन विचारणार, आणि विगोला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने नको म्हटलं. रविवारी आम्ही तिघं गेलो. एब्बाने निळी टोपी घातली होती. तिने पाटी वाचली.

"तुझं नाव कुठंय?"

"खणाच्या मागे. पेन्सिलने."

आम्ही तिची खुर्ची कपाटाजवळ, एका कडेला उभी केली. लोक येत होते, तिला वळसा घालून बघत होते. कोणी म्हणालं, जमिनीवर तरंगतंय जणू. एका तरुणाने बायकोला सांगितलं की ही रेषा बघ, मुद्दाम खाली ठेवली आहे, नजरेला शांत वाटावं म्हणून. मग फरकोट घातलेली एक जाडजूड बाई आली. तिने चारी बाजूंनी पाहिलं आणि सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली, "दिसायला झकास आहे. पण दाराला मूठ कुठंय? हे कलाकार लोक. वापरणाऱ्या बाईचा विचार म्हणून करायचे नाहीत."

एब्बा हसायला लागली. तिच्या छातीत हसायला पुरेल एवढी हवा नव्हती, त्यामुळे आवाज न करता ती नुसती हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फरकोटवाली घाबरली, हिला काही होतंय का विचारू लागली. विगोने खुर्ची वळवली आणि आम्ही तिला बाहेर बागेत नेलं. तिथेही ती हसतच होती. त्याआधी किंवा त्यानंतर मी तिला इतकी खूश पाहिली नाही.

कपाट घरी परत आलं. पण त्या हिवाळ्यात युटलंडमधल्या एका मोठ्या कारखान्याने हासलुंडना पत्र पाठवलं. त्यांना ते यंत्रांवर, शेकड्यांनी करायचं होतं, अमेरिकेला पाठवायला. फक्त पाय नऊ सेंटिमीटर वाढवायचे. लोकांना वाकायला आवडत नाही, आणि खालून व्हॅक्यूमचा झाडू फिरला पाहिजे. विगोने नाही म्हटलं. हासलुंड दोनदा समजवायला आले. विगोचं उत्तर एकच, आहे तेवढंच राहील. का, ते सांगेना. कारखान्यात सगळे म्हणू लागले की प्रदर्शनात गेल्यापासून विगो शेफारला. मला माहीत होतं आणि मी तोंड मिटून काचपेपर घासत होते. नऊ सेंटिमीटर वाढवलं की फळी टेबलाला टेकत नाही. जे घर एब्बाचं नाही, तिथेसुद्धा ती फळी टेबलाच्या वर लटकलेली त्याला सहन होणार नव्हती.

सत्तावन्नच्या शरदात नव्या फ्लूची साथ आली. आम्ही सगळे आडवे झालो आणि उठलो. एब्बाला ताप आला तेव्हा विगोने तिला उशांना टेकवून बसवून ठेवलं, मी शेजारी होते. डॉक्टर म्हणाले, इस्पितळात हलवा. ती म्हणाली, नको, तिथली छतं मी पाठ केली आहेत. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी झालं. तिचा खोकण्याचा जोर कमी पडत होता. दुपारी उजेड कमी व्हायला लागल्यावर तिने मला सांगितलं की विगोचे लोकरी मोजे डावीकडच्या खालच्या खणात आहेत, तो शोधत बसेल. त्यानंतर ती बोलली नाही. विगोने तिचा हात धरला होता. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याचा दुसरा हात रिकामा होता आणि तो मूठ मिटत होता, उघडत होता. मिटत होता, उघडत होता. ती गेल्यावरही किती तरी वेळ.

हिवाळाभर विगो कामावर येत राहिला. घरी कपाटाचं दार त्याने उघडलं नाही. एक कप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला होता, तोच विसळून वापरायचा. लोकरी मोजे मी काढून त्याच्या पलंगावर ठेवले होते, ते तसेच पडून होते.

एप्रिलमध्ये एका रविवारी हासलुंड आले. फुलं घेऊन आले होते, एब्बा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. बायको आजारी असायची एवढंच त्यांना माहीत. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. मग म्हणाले की कामाचं बोलायची ही वेळ नाही, पण कारखानावाले मागे लागले आहेत, शेवटचं विचारून येतो म्हणून मी कबूल केलं. त्यांनी नकाशा काढून टेबलावर उलगडला, तोही बिचकत. पायांची नवी उंची लाल शाईने लिहिली होती.

विगोने नकाशा पाहिला. बोटाने ती लाल रेघ चाचपली.

"वाढवा," तो म्हणाला.

हासलुंडना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "नऊ सेंटिमीटर?"

"किती हवे तेवढे वाढवा. आता कोणाला पोचायचं आहे?"

हासलुंडनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं शोकाने याचं डोकं फिरलंय. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी उठून खिडकीपाशी गेले आणि चौकात लावलेल्या सायकलींकडे बघत उभी राहिले. शब्द दिलेला होता. ते आभार मानून गेले.

मी विगोला म्हटलं, असं का केलंस, अजूनही थांबवू शकशील. तो म्हणाला की तिला हवं होतं लोकांनी ते सुंदर म्हणून बघावं, तर बघू देत. आणि पहिल्यांदा रडला. टेबलावर डोकं ठेवून, त्या नकाशावर.

जूनमध्ये तो एका शनिवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, उद्या तेल आणि फडकी घेऊन माझ्याबरोबर रोस्किल्डला ये. कपाट त्याने ट्रकने आदल्या दिवशीच पाठवलं होतं. अॅग्नेटेच्या घरी पोचलो तेव्हा तिच्या भावाने ते खोलीत मांडलं होतं आणि ती कपाटापुढे बसली होती. तिच्यासाठी जेवणाचं टेबल भावाने आधीच कापून खाली केलेलं होतं. विगोने फळी ओढली, टेबलापासून मोजलं. मग पिशवीतून करवत काढली.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, अरे, प्रदर्शनात होतं हे. मासिकात फोटो आलाय. हे एब्बाचं आहे.

"हिला तीन सेंटिमीटर जास्त होतंय, गेर्डा," तो म्हणाला. माझा हात त्याने हळूच बाजूला केला.

त्याने आणि भावाने कपाट आडवं केलं. चारही पायांवर पेन्सिलने खूण, आणि एकेक करून चारही कापले. खोलीत सागवानाचा वास पसरला. मी गुडघ्यांवर बसून कापलेल्या कडा घासल्या, तेल लावलं. उरलेले चार तुकडे अॅग्नेटेच्या भावाने ठेवून घेऊ का विचारलं, तर विगोने ते चुलीत टाकले. मग अॅग्नेटेला पुढे बोलावलं, तिचं मनगट धरून दाराच्या कडेवर ठेवलं, आणि सांगितलं की जोर लावायचा नाही, नुसतं टेकायचं.

परतीच्या गाडीत मी आणलेले पाव त्याने खाल्ले. दोन त्याचे आणि एक माझाही. मी खाऊ दिलं, कारण एब्बा गेल्यानंतर त्याला पोटभर खाताना मी पाहिलं नव्हतं.

विगो अजून अकरा वर्षं जगला, पण कपाट पुन्हा कधी केलं नाही, खुर्च्याच करत राहिला. कारखान्याची ती उंच कपाटं पुष्कळ खपली. अजूनही कोणाच्या तरी घरी दिसतात, आणि लोक मला त्यांच्या रेषेबद्दल समजावून सांगतात. अॅग्नेटे आता सत्तरीला आली आहे, तिचा भाऊ वारला, ती तिथेच आहे. मागच्या आठवड्यात तिचं पत्र आलं की उजवीकडचा वरचा खण पावसाळी हवेत फुगून बसतो, बोटाने येत नाही. रविवारी मी जाणार आहे.